तंबोरा ऐकू येतो का?

बी.कॉम. झालेल्या माणसाला एखादी वस्तू निवडायला कधी पाठवू नये. तो वस्तूकडे बघतच नाही, खोक्याच्या मागच्या बाजूला बघतो. तिथे आकडे असतात. दोन खोकी शेजारी ठेवली की ज्याच्यावरचे आकडे मोठे ते तो उचलतो आणि बिलाची नीट घडी करून पाकिटात ठेवतो. घरी आल्यावर वस्तू चालली नाही तरी त्याचं समाधान मोडत नाही. आकडे त्याच्या बाजूनं असतात.

2003 सालच्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून मी हातात धरून नेण्याजोगा सीडी प्लेअर घेतला, तो याच पद्धतीनं. तेव्हा मी बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जात असे. जाऊन-येऊन अडीच तास आपण नुसते उभे असतो, तेवढ्यात दोन-तीन वर्षांत सगळं शास्त्रीय संगीत ऐकून होईल, असा माझा हिशेब होता. दुकानदारानं तीन खोकी पुढे ठेवली. एकावर लिहिलं होतं, 'अँटी-शॉक 10 सेकंद', दुसऱ्यावर 40 आणि तिसऱ्यावर 45. शॉक कुणाला बसतो, तबकडीला की गिऱ्हाइकाला, हे मी विचारलं नाही. चाळिसापेक्षा पंचेचाळीस पाचानं जास्त आणि किंमत फक्त दोनशेनं जास्त, म्हणजे सेकंदामागे चाळीस रुपये. दर वाजवी वाटला. "ऐकून बघू का?" असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "साहेब, पॅक पीस आहे." पॅक पीस उघडला की तो पॅक पीस राहत नाही, हे तर्कशास्त्र मला पटलं. आमची सौ. पदर कसा पडतो ते बघायला पन्नास साड्या उलगडायला लावते, आणि मी मात्र कानानं वापरायची वस्तू डोळ्यांनी घेऊन घरी आलो.

गाडीत ते यंत्र अगदी चोख चाललं. रूळ बदलताना आमच्या डब्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर पडत, पण भीमसेनजींचा स्वर काही अडखळत नसे. तो ऐकू येत नसे, ही गोष्ट वेगळी. आमच्या डब्यात भजनी मंडळ होतं. सीडीच्या गुणवर्णनात 96 डेसिबल असा एक आकडा असतो. सगळ्यात हळू आवाज आणि सगळ्यात मोठा आवाज यांच्यात एवढं अंतर ही तबकडी सांभाळू शकते, असा त्याचा अर्थ. समजा, एवढ्या मजल्यांची इमारत आहे. पण लोकलमध्ये चाकांचा, पंख्यांचा आणि टाळांचा मिळून जो पूर येतो, त्यात या इमारतीचे खालचे बरेचसे मजले पाण्याखाली जातात. ख्यालातला हळुवार भाग नेमका खालच्या मजल्यांवर राहायला असतो. वर गच्चीत फक्त ताना उरतात. दोन वर्षं मी हे गच्चीतलं संगीत ऐकलं आणि मग मुकाट्यानं भजनी मंडळात सामील झालो. तिथे आवाजाचा दर्जा उत्तम होता.

याच यंत्रावर 2004 साली आईनं एक तबकडी ऐकली. खरं प्रकरण इथून सुरू होतं, म्हणून जरा तपशिलानं सांगतो.

आई लग्नाआधी गिरगावात गाणं शिकत होती. तिच्या गुरूंना आम्ही घरात नुसतं 'बाई' म्हणतो. बाई घरगुती मैफली करत आणि त्यांच्या मागे तंबोऱ्यावर दोन शिष्या बसत. एक आई आणि दुसरी तिची जिवाची मैत्रीण, जी पुढे लग्न होऊन मुलुंडला गेली आणि आमच्या घरात 'मुलुंडकरीण' झाली. 1976 सालच्या कोजागिरीला एका वाडीतल्या मैफलीत कुणीतरी कॅसेट रेकॉर्डर आणून ठेवला होता. त्या रात्री बाईंनी गाता गाता मागे वळून बघितलं. तंबोरा उतरला होता. कुणाचा, ते बाई बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. आईच्या मते ते बघणं मुलुंडकरणीकडे होतं आणि मुलुंडकरणीच्या मते आईकडे. त्यानंतर दोघींचं बोलणं जे आटलं ते आटलंच. लग्नकार्यात गाठ पडली तर दोघी एकमेकींच्या साड्यांकडे बघतात.

ती कॅसेट हातोहाती फिरत आईकडे आली. मुंबईच्या पावसाळ्यांनी तिला बुरशी धरली. 2004 साली मी ती एका कॉम्प्युटरवाल्याकडून सीडीवर उतरवून घेतली आणि महिन्याभरात कॅसेटच्या फितीचा गुंता होऊन ती तुटली. म्हणजे बाईंचा आवाज आता त्या एका तबकडीवर आहे. दुसरी प्रत काढून ठेवावी, हे मला वीस वर्षं सुचलं नाही. ज्या बँकेत मी काम करतो तिथे रोज बॅकअप घेतात.

तर 2004 साली आईनं माझ्या पंचेचाळीस सेकंदवाल्या यंत्रावर ती तबकडी ऐकली, कानातले बोंडुळे काढून ठेवले आणि म्हणाली, "छान आहे हो." लोकांकडचा पुचाट चहा पिऊन झाल्यावर ती ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात. मला वाटलं, जुन्या आठवणींनी गळा दाटला असेल. पुन्हा तिनं ते यंत्र मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी आईच्या कानांचा आलेख काढला. डावीकडे रेषा बऱ्यापैकी सपाट चालते आणि उजवीकडे, म्हणजे वरच्या स्वरांच्या बाजूला, पुलाचा उतार उतरावा तशी खाली येते. डॉक्टर म्हणाले, वयोमान. आई घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "ती बाईंची तबकडी एकदा नीट ऐकायची आहे. आहेत कान तोवर."

'नीट' या शब्दावर तिनं जो जोर दिला, त्यामुळे मला वीस वर्षांपूर्वीचं 'छान आहे हो' पहिल्यांदा समजलं.

जुना प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. घरातल्या मोठ्या म्युझिक सिस्टिमचं दार तबकडी गिळून बंद व्हायचं ते उघडायचंच नाही, म्हणून तीही गेली. शिवाय आमच्या घरात मोठ्या आवाजात काही वाजवणं म्हणजे वाटाघाटींचा विषय. बाहेरच्या खोलीत टीव्हीवरच्या मालिका, आतल्या खोलीत चिरंजीवांची बारावी. आईच्या वाट्याला खाट आणि बाल्कनीतली खुर्ची. तेव्हा खाटेवरून खुर्चीवर नेता येईल असा छोटा प्लेअर आणि हेडफोन, असं ठरलं. चिरंजीव म्हणाले, "आजी, सगळं फोनवर मिळतं." आजीनं त्याला शांतपणे सांगितलं की बाई फोनवर मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांचा विलंबित ख्याल रंगात आला की मध्येच एक बाई गृहकर्जाची जाहिरात करते. त्या जाहिरातीत माझ्याच धंद्याचा दोष असल्यामुळे मी गप्प बसलो. मेव्हण्यानं कारवान आणून दिला होता. 2017 साली निघालेला तो पाच हजार गाण्यांचा रेडिओसारखा डबा. आई त्याच्यावर खूश आहे आणि दुपारी स्वयंपाकघरात तो वाजतोही. पण पाच हजारांत ते एक नाही, त्याला कोण काय करणार? तबकडी लॅपटॉपमध्ये घालावी, तर आताच्या लॅपटॉपला तबकडी घालायचं तोंडच ठेवलेलं नाही.

एवढं झाल्यावर मी पुन्हा खोक्यांच्या मागच्या बाजूकडे वळलो. पण या वेळी आकडे समजून घ्यायचे, असं ठरवलं. क्लार्कला समजत नाही असा आकडा जगात नाही. फक्त त्याला कुणी समजावून सांगत नाही.

सीडी जपानमध्ये ऑक्टोबर 1982 मध्ये विक्रीला आली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती काढली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर 74 मिनिटांचं संगीत मावेल, असं ठरलं. हा वेळ ठरवताना त्यांनी सवाई गंधर्वच्या श्रोत्यांना विचारलं असतं, तर तबकडी परातीएवढी झाली असती. 1984 मध्ये सोनीनं डी-50 नावाचा पहिला उचलून नेण्याजोगा प्लेअर काढला. चार सीडींच्या डब्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच तो होता. पण त्याच्या पोटात सेलना जागाच नव्हती. बाहेर हिंडायचं तर सहा जाडे सेल भरलेली वेगळी पेटी खांद्याला अडकवायची. आमच्या गोदरेजच्या कपाटाला चाकं आहेत, त्या अर्थानं तो पोर्टेबल.

आत चालतं काय, ते वाचल्यावर मात्र मला त्या तबकडीविषयी बंधुभाव वाटू लागला. आमच्याकडे लेजर असतं, तिच्याकडे लेसर. दर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची उंची मोजून तिची नोंद केलेली असते, डाव्या कानाची वेगळी आणि उजव्या कानाची वेगळी. प्रत्येक नोंद 65,536 पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवायची. पायऱ्यांच्या मधलं काही चालत नाही, म्हणजे पैशाचे अपूर्णांक सोडून देण्यासारखंच. वाचन आतून बाहेर चालतं. आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते आणि कडेला येईपर्यंत दोनशेवर येते, रिटायरमेंटकडे झुकलेल्या माणसासारखी.

सगळ्यात आवडलं ते तिचं चुका निस्तरणं. एका ठिकाणच्या नोंदी ती एका ठिकाणी लिहीतच नाही, वेगवेगळ्या पानांवर विखरून लिहिते आणि बरोबर पडताळ्याचे आकडे ठेवते. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची जागा खराब झाली तरी आजूबाजूच्या नोंदींवरून मूळ आकडा तंतोतंत काढता येतो. त्याहून मोठा घोटाळा असेल तर? तर यंत्र मागची आणि पुढची नोंद बघून मधला आकडा आपल्या मनानं बसवतं आणि पुढे जातं. वाचकहो, हेच काम बँकेत मी केलं तर मला सस्पेंड करतील. हातानं खाती जुळवायच्या काळातले आमचे जुने लोक सांगायचे, बारा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसावं लागायचं. ही तबकडी सेकंदाच्या आत फरक सस्पेन्स खात्यात टाकून गाणं चालू ठेवते आणि रसिक वाहवा करतात.

(तबकडी पुसायची झाल्यास मधून कडेकडे सरळ पुसावी. आमच्याकडे ती पदरानं गोल गोल पुसतात. गोल ओरखडा लेसरच्या वाटेनं लांबवर धावतो आणि मग पडताळ्याच्या आकड्यांचंही काही चालत नाही.)

मतितार्थ असा, की तबकडीवरचे आकडे सगळ्या यंत्रांना सारखेच मिळतात. पितळ उघडं पडतं ते पुढे, त्या आकड्यांचा आवाज करताना आणि तो कानापर्यंत पोचवताना. पण खोक्यावर लिहिलेलं असतं ते पहिल्याच भागाचं. '20 ते 20,000 हर्ट्झ' असं प्रत्येक खोक्यावर ठळक छापलेलं असतं. त्यातल्या वरच्या टोकाचे आवाज माझ्या वयाच्या माणसाला ऐकूच येत नाहीत, मग आईची गोष्टच नको. जिथे आपल्याला जायचंच नाही अशा स्टेशनापर्यंतचं तिकीट आपण अभिमानानं काढत असतो. 'वॉट'चंही तसंच. आपल्याकडे एक काळ होता, जेव्हा टेपरेकॉर्डरच्या अंगावर हजार-दोन हजार वॉट पीएमपीओ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असे. आत मात्र आर.एम.एस.चे पाच-दहा वॉट. पीएमपीओ म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर सांगायचा पगार आणि आर.एम.एस. म्हणजे कापाकापी होऊन हातात येणारा.

आकड्यांवरचा विश्वास उडाल्यावर मी जाणकारांकडे गेलो. आमच्याच मजल्यावर एक डेसिबल काका राहतात. कपाटाएवढे दोन स्पीकर त्यांनी घरात असे ठेवले आहेत, की काकूंना स्वयंपाकघरात जायला तिरकं व्हावं लागतं. काकांनी मला परदेशी मासिकं वाचायला दिली. त्यांतल्या समीक्षकांची भाषा वाचून मी चकित झालो. अमुक यंत्राचा आवाज 'उबदार', तमुकाचा 'कुरकुरीत', एकाचा मधला भाग 'लोण्यासारखा', दुसऱ्याचा खालचा भाग 'फार जड'. हे यंत्राचं वर्णन आहे की थालीपिठाचं? मी काकांना विचारलं, "आवाज गवयाचा ना? मग यंत्राला स्वतःची चव कशाला हवी?" काका म्हणाले, "तुम्ही कॉमर्सचे, तुम्हाला नाही कळायचं." आमचे साहेब इन्क्रिमेंटच्या वेळी हेच म्हणतात, फक्त 'आर्ट्‌सचे' म्हणतात.

तरीही काकांचा मी ऋणी आहे, कारण अँटी-शॉकची भानगड मला त्यांनीच सांगितली. धक्का बसला की लेसरची जागा चुकते. म्हणून यंत्र वाजवण्यापेक्षा पुढचं भराभर वाचून एका चिपमध्ये साठवून ठेवतं आणि गचका बसला की त्या साठ्यातून वाजवतं. राखीव निधीच म्हणा ना. इथपर्यंत ठीक. पण काका गेल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. 44,100 गुणिले 16 गुणिले दोन कान, म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. समजा, चिप 16 मेगाबिटची आहे. तिच्यात जेमतेम बारा सेकंद मावतात. मग पंचेचाळीस सेकंद आले कुठून?

आले ते काटछाटीतून. प्रत्येक आकडा पूर्ण लिहायचा नाही. आधीच्यापेक्षा किती वाढला-घटला, याचा अंदाज सोळाऐवजी चार बिटांत आटपायचा. नोंद पाव झाली, सेकंद चौपट झाले. काही यंत्रांवर तर तसं बटणच असायचं, एकीकडे दहा सेकंद आणि चांगला आवाज, दुसरीकडे चाळीस-पंचेचाळीस सेकंद आणि नुसता आवाज. दुकानात पॅक पीसच्या खोक्यावर जो सगळ्यात मोठा आकडा बघून मी यंत्र उचललं होतं, तो आवाजाच्या दर्जाचा आकडा नव्हता. दर्जा किती पातळ केला आहे, त्याचा तो आकडा होता. सेकंदामागे चाळीस रुपये मोजून मी पाणी विकत घेतलं होतं.

आणि या पातळ करण्यात पहिला बळी कुणाचा जातो? गवयाचा नव्हे. गळा मोठा असतो, पुढे असतो, तो वाचतो. तबलाही वाचतो. जातो तो तंबोरा. तंबोऱ्याच्या चार तारा म्हणजे चार स्वर नव्हेत. जवारी नीट लागलेली असली तर प्रत्येक तारेतून बारीक बारीक स्वरांचा धूर निघत राहतो आणि तो कधी थांबत नाही. सतत चालणारी, सतत बदलणारी आणि हळू, अशी ही गोष्ट काटछाट करणाऱ्या यंत्राच्या लेखी बिनमहत्त्वाची. फार दाबलेल्या एमपी3 मध्येही हेच होतं. 128 किलोबिटच्या एमपी3 मध्ये सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढी माहिती उरते. गाणं ओळखू येतं, पण मागे तंबोऱ्याऐवजी कुणीतरी तोंड झाकून गुळण्या करतंय असं वाटतं. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेत तो करतात तेव्हा भोपळ्यापासून जवारीपर्यंत कोण जपणूक. आणि आपण तो ऐकतो कशावर, तर रूळ बदलताना अडखळू नये म्हणून त्याला गाळून टाकणाऱ्या यंत्रावर.

परदेशी मासिकांत यंत्राची परीक्षा घेताना सिंफनी वाजवतात, झांजा कशा चमकतात ते लिहितात. त्यांचं त्यांना बरोबर आहे. आपल्याला एकच प्रश्न पुरतो. तंबोरा ऐकू येतो का? आईनं 2004 साली हाच प्रश्न मनात विचारला होता. बाईंचा गळा तिला पाठच होता. तिला ऐकायचे होते ते मागचे दोन तंबोरे, स्वतःच्या हातातला आणि मुलुंडकरणीच्या हातातला.

पूर्वी काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये काचेच्या खोलीत उभं राहून तबकडी ऐकायची आणि मग विकत घ्यायची सोय होती. ते दुकान 2016 साली बंद झालं. मोठ्या जपानी कंपन्यांच्या नव्या पोर्टेबल सीडी प्लेअरचे ते दिवस केव्हाच सरले. गेल्या काही वर्षांत फियोसारख्या चिनी कंपन्यांनी नवे प्लेअर काढले आहेत. दिसायला देखणे आहेत, पण ते घेतले तर हेडफोनला पैसे उरत नव्हते. आणि मला आता पक्कं कळलं होतं, की शंभर रुपयांतले चाळीस यंत्राला आणि साठ हेडफोनला घालावेत. यंत्राबरोबर फुकट येणारे बोंडुळे म्हणजे पाहुण्यांना चांदीच्या ताटात वाढून कागदी चमचा देणं. तेव्हा शनिवारी, तोही बँकेला सुट्टी असलेला शनिवार, आईची तबकडी एका जुन्या साडीत गुंडाळून मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

तिथे एका पोटमाळ्यावर एका माणसाकडे जुने प्लेअर होते. त्यानं आठ-दहा पुढे मांडले. मी म्हटलं, "ऐकून घेणार." तो म्हणाला, "ऐका की." वीस वर्षांत माणुसकी वाढली म्हणायची, किंवा पॅक पीस संपले. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून त्यानं मला खोक्यांच्या ढिगामागे एका स्टुलावर बसवलं.

पहिल्या यंत्रात मी तबकडी घातली. ती फिरली, थांबली, पुन्हा फिरली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'नो डिस्क'. दुसऱ्यात तेच. घरी जाळून काढलेली तबकडी छापील तबकडीपेक्षा वाचायला मुळातच कठीण, तिचा रंग वर्षांनी उडत जातो, आणि या यंत्रांचे लेसरही आता म्हातारे. मला दरदरून घाम फुटला. बाई त्या तबकडीवर आहेत की नाहीत, हे आता एका म्हाताऱ्या लेसरच्या डोळ्यांवर होतं. तिसरं यंत्र बराच वेळ घुरघुरलं आणि मग कोजागिरीच्या रात्रीतला कुणाचा तरी खोकला ऐकू आला. इतका गोड खोकला मी आयुष्यात ऐकला नाही.

त्यानंतर तबकडी वाचणारी यंत्रं उरली तीन. दोन्ही कानांत हेडफोन घालून, डोळे मिटून, एकेकावर तीच दोन मिनिटं मी ऐकली. एकात 'मेगा बेस' असं बटण होतं. ते लावलं की तबलजी शेजारच्या घरातून गणपतीची मिरवणूक घेऊन आल्यासारखा वाजे. दुसरं चांगलं होतं, पण त्याचा अँटी-शॉक बंदच करता येत नव्हता. तिसरं सगळ्यात जाड, सगळ्यात कुरूप, कडेला चरे गेलेलं. त्याचं अँटी-शॉकचं बटण बंद केलं आणि बाईंच्या आवाजामागे, कॅसेटच्या सगळ्या खरखरीच्याही मागे, काहीतरी धुरासारखं हललं. मी तेच घेतलं. किंमत पहिल्या दोन्ही यंत्रांपेक्षा कमी सांगितली. माझ्यातल्या बी.कॉम.ला फार वाईट वाटलं.

हेडफोनचा प्रश्न घरी आल्यावर निघाला. मी आणलेले होते कान पूर्ण झाकणारे, मऊ गाद्यांचे. त्यांची पट्टी डोक्यावरून जाते आणि आईचा अंबाडा नेमका तिथेच. पट्टी पुढे घेतली तर गाद्या गालांवर येत, मागे घेतली तर मानेवर घसरत. एकाही परदेशी समीक्षकानं या बाबतीत मार्गदर्शन केलेलं नाही. शेवटी सौ.नं आईची वेणी घालून दिली. शाळकरी मुलीसारखी एक लांब वेणी पुढे घेऊन आई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसली. मी बटण बंद असल्याची खात्री केली, चिरंजीवांनी टीव्ही बंद केला आणि ते न सांगता केलं, याची नोंद करून ठेवतो.

पहिली पाच मिनिटं तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर एकामागून एक फिरू लागली, न दिसणाऱ्या तारांवरून. "हा तिचा," ती मोठ्यानं म्हणाली. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण केवढ्यानं बोलतो ते कळत नाही. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. "आणि हा माझा. खरजाची तार अशीच भणभणायची." तिचे डोळे मिटलेलेच होते. मी लॅमिंग्टन रोडच्या त्या माणसाला मनातल्या मनात आशीर्वाद दिले.

मग बोटं थांबली.

तिनं मागे नेऊन तोच भाग पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं हेडफोन गळ्यात उतरवले.

"पंचम उतरलाय," ती म्हणाली.

"मुलुंडकरणीचा?"

ती काही बोलली नाही. बाल्कनीतल्या कुंडीतली दोन वाळकी पानं खुडून तिनं मुठीत धरली. आत सौ.नं विनाकारण एक भांडं घासायला घेतलं.

"हे बटण कसलं रे?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"ते अँटी-शॉकचं. ते लावू नकोस, लावलं की तंबोरा विरतो."

तिनं हेडफोन पुन्हा चढवले, बटण स्वतःच्या हातानं लावलं आणि दोन मिनिटं ऐकलं. "छान आहे हो," असं म्हणून तिनं यंत्र बंद केलं. रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "येत्या रविवारी मला जरा मुलुंडला घेऊन चल."

मी म्हटलं, "चल की. यंत्र घेऊ बरोबर?"

"नको," ती म्हणाली. मग आमटीत भात कालवता कालवता, "घे. पण ते बटण लावून ठेव."